दोन मिनिटांचे भय

कोणत्याही कलाकृतीचा आरंभ ही तिच्या कर्त्याच्या सामर्थ्याची पहिली परीक्षा असते, हे आपल्या जुन्या नाटककारांस पक्के ठाऊक होते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'ची प्रस्तावना आठवावी. सूत्रधार आपल्या गृहिणीशी चंद्रग्रहणाविषयी बोलत आहे. क्रूर ग्रह चंद्राचा पराभव करू पाहतो, अशा अर्थाचे काहीसे तो सहज बोलून जातो, आणि तोच पडद्याआडून एक संतप्त आवाज येऊन, आपण जिवंत असता चंद्राला हात लावू धजणारा हा कोण, असे विचारतो. बोलणारा चाणक्य आहे आणि त्याच्या मनातील चंद्र म्हणजे चंद्रगुप्त. रंगभूमीवर अद्याप काहीच घडलेले नाही; शस्त्र उपसलेले नाही, रक्ताचा थेंब सांडलेला नाही; तरीही प्रेक्षक सावरून बसतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर आदळले आणि तेवढ्याने एका राजकारणी नाटकाचे सारे भय सूचित झाले.

ह्या प्रस्तावनेचे स्मरण होण्यास एक शालेय परीक्षा कारण झाली आहे. इंग्लंडात ऑक्सफर्ड, केंब्रिज व आर. एस. ए. ह्या संयुक्त नावाचे जे परीक्षामंडळ आहे, त्याने सप्टेंबर २००८ पासून 'मीडिया स्टडीज', म्हणजे वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट इत्यादी माध्यमांचा अभ्यास, ह्या विषयाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींस त्यात जी प्रत्यक्ष कामे निवडता येत, त्यांतील एक असे होते : एका नव्या कल्पित चित्रपटाची नामावली व आरंभ तयार करावा, आणि तो दोन मिनिटांहून लांब नसावा. चित्रपट पुढे कधीच व्हावयाचा नसतो; केवळ त्याचा उंबरठा बांधावयाचा. हे काम एकट्याने किंवा चौघांपर्यंतच्या गटाने करावे, चित्रे व ध्वनी स्वतःचे असावेत, संगीत उसने घ्यावयाचे तर ते स्वामित्वाच्या बंधनातून मुक्त असलेलेच घ्यावे, असे नियम होते. २०१७ साली नवा अभ्यासक्रम आला व हा मागे पडला. चित्रपट कोणत्या जातीचा असावा हे मंडळाने सांगितले नव्हते. तथापि पुष्कळ शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ज्यास इंग्रजीत 'थ्रिलर' म्हणतात तो थरारपटच पसंत केला. ह्या चित्रफितींपैकी बऱ्याचशा त्यांच्या कर्त्यांनीच जगापुढे ठेविल्या असल्यामुळे त्यांच्या गुणदोषांचा विचार करणे शक्य झाले आहे.

शाळकरी मुलांच्या दोन मिनिटांच्या उद्योगासाठी एका साहित्यविषयक मासिकाने पाने का खर्चावी, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर असे की, निबंध कसा लिहावा हा प्रश्न जसा केवळ शाळेचा नाही, तसा हाही नाही. महाराष्ट्रात चित्रपटाचे शिक्षण म्हटले की पुण्यास १९६० साली प्रभात कंपनीच्या जागेत स्थापन झालेल्या संस्थेची आठवण होते. तेथे जाणारा तरुण पदवी घेऊन जातो, आणि एक व्यवसाय पत्करावा म्हणून जातो. उलट, वरील परीक्षेस बसणारी मुले पुढे वैद्य होणार, हिशेबनीस होणार, शिक्षिका होणार. चित्रपटाच्या धंद्यात त्यांतील फार थोडी शिरणार. निबंध लिहिणारा प्रत्येक मुलगा जसा ग्रंथकार होत नाही, पण भाषेचा जाणता होतो, तसे चित्रांच्या भाषेचे जाणतेपण सर्वांस यावे, हा त्यातील हेतू होता. आज आपल्याही घराघरांत मुलांच्या हाती चित्रण करणारे व ते कापून जोडणारे यंत्र खिशात मावेल एवढे होऊन आले आहे. ते हाती कसे धरावे ह्याचे शिक्षण मात्र कोणी देत नाही. तेव्हा ज्यांनी ते देऊन पाहिले त्यांना काय साधले व काय हुकले, हे तपासणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

आमच्या मते त्या परीक्षेतील सर्वांत मोलाचा भाग हा दोन मिनिटांचा आरंभ नसून त्याच्या आधीचा एक लहानसा पाठ होय. मंडळाने असे ठरवून दिले होते की, मुख्य कामापूर्वी प्रत्येकाने एक पूर्वाभ्यास करावा : एक पात्र दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीवर बसते आणि दोघांत एकदोन वाक्यांचे बोलणे होते. बस्स, एवढेच. ह्याहून नीरस प्रसंग कल्पिणे कठीण. परंतु तो चित्रित करताना तीन गोष्टी साधावयाच्या असत. पहिली, क्रियेचा सांधा : बाहेरून दाराची मूठ फिरताना दिसते, आणि ती पुरती फिरण्याच्या आतच चित्र तोडून दार आतल्या बाजूने उघडताना दाखवावयाचे, हाताची गती एकच भासली पाहिजे. दुसरी, संवादाची उलटसुलट चित्रे : एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा, मग दुसऱ्याच्या खांद्यावरून पहिल्याचा. तिसरी, रेषेचा नियम : दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानावी व कॅमेऱ्याने तिच्या एकाच बाजूस राहावे, ती ओलांडली तर समोरासमोर बसलेली माणसे एकाच दिशेस पाहत आहेत असा भास होतो, आणि प्रेक्षकाचे दिग्भान सुटते.

जो हा पाठ एकदा प्रामाणिकपणे करतो त्याला चित्रपटाचे मर्म कळू लागते. आजवर त्याने शेकडो चित्रपट पाहिलेले असतात. त्यांत माणसे दारे उघडून आत येत असतात. परंतु ते 'आत येणे' दोन वेगवेगळ्या वेळी, कदाचित दोन वेगवेगळ्या दिवशी, घेतलेल्या तुकड्यांचे बनलेले आहे, हे त्याच्या लक्षात कधी आलेले नसते. आता तो संकलनास बसतो. पहिल्या तुकड्यात उजव्या हाताने फिरविलेली मूठ दुसऱ्यात डाव्या हाताने फिरते. बाहेर गळ्यात असलेला रुमाल आत नाहीसा झालेला असतो. दार एकदा उघडते आणि पुन्हा उघडते. त्या चुका त्याला कोणी दाखवाव्या लागत नाहीत. पडदाच त्या दाखवितो. इंग्लंडातील मापाप्रमाणे सेकंदाला २५ स्थिरचित्रे धरिली, तर तोडण्याची जागा तीनचार चित्रे अलीकडे-पलीकडे सरकविताच कालपर्यंत अडखळणारे दार आज सहज उघडते, आणि ते का उघडते हे त्याला कळते. व्याकरणाचे नियम तोंडपाठ केल्याने नव्हे, तर वाक्य स्वतः बोलून ते कानाला खटकल्याने भाषा येते. तोच प्रकार येथे होतो.

हा पाठ संपवून हीच मुले मुख्य कामाकडे वळतात तेव्हा मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. जे शिकले ते बाजूस ठेवून ती थेट भयाच्या मागे लागतात. अशा चित्रफिती ओळीने पाहणाऱ्यास काही वस्तू पुनःपुन्हा भेटतात : संध्याकाळचे रान आणि त्यातून धापा टाकीत पळणारी मुलगी, डोक्यावरून टोपडे ओढलेला, चेहरा न दिसणारा तरुण, रस्त्याखालचा भुयारी मार्ग आणि त्यात लुकलुकणारा दिवा, हातात सुरी, मोरीत तांबडे पाणी, आणि ह्या सर्वांखाली पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत घुमणारा एक खर्ज स्वर. शेवटी किंकाळी, काळा पडदा, चित्रपटाचे नाव. कॅमेरा हलता, तुकडे आखूड, रंग निळसर. परिश्रम उघड दिसतात, कित्येकदा छायाचित्रण आश्चर्य वाटावे इतके चांगले असते. परंतु पाहणाऱ्यास भय वाटत नाही. फार तर, भय वाटावे अशी कर्त्यांची इच्छा आहे, एवढे कळते.

ह्याचे कारण मुलांच्या अंगी कल्पकता नाही असे नव्हे. भयाची चिन्हे दाखविणे आणि भय उत्पन्न करणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपणहून पहिलीच्या मागे येईल, असे त्यांनी धरून चाललेले असते. आपल्या रसचर्चेत ह्याचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. रसाचे नाव घेतल्याने रस उत्पन्न होत नाही. करुण म्हटल्याने करुण होत नाही, आणि भयानक म्हटल्याने भयानक होत नाही. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ह्यांच्या संयोगाने तो निष्पन्न व्हावा लागतो. पळणाऱ्या मुलीचा चेहरा हा अनुभाव झाला. पण ती कशापासून पळते, ती कोण, ती सापडली तर काय जाईल, हे आम्हास ठाऊक नाही. कारणच नाही आणि कार्य मात्र भरपूर, असे ते चित्र असते. मुलगी भितेच आहे, आणि आम्ही तिची भीती कडेला उभे राहून न्याहाळीत आहो.

आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रान्स्वा त्र्युफो ह्या फ्रेंच दिग्दर्शकाशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात हाच भेद एका साध्या उदाहरणाने समजाविला होता. दोन माणसे मेजाशी बसून काहीतरी बोलत आहेत आणि एकाएकी मेजाखालील बाँब उडतो. प्रेक्षक काही क्षण दचकतो, एवढेच. आता तोच प्रसंग, पण बाँब ठेविलेला आणि तो केव्हा उडणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. मग तेच निरर्थक बोलणे असह्य होते. उठा, बोलत काय बसलात, असे प्रेक्षकाला ओरडावेसे वाटते. पहिल्यात काही क्षणांचा धक्का, दुसऱ्यात कित्येक मिनिटांची उत्कंठा. मेज तेच, माणसे तीच, बाँबही तोच. बदलले ते प्रेक्षकाचे ज्ञान, आणि ते त्याला मिळण्याची वेळ. थरारपट हा मूलतः ज्ञानाच्या वाटपाचा व्यवहार आहे. कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला ठाऊक नाही आणि ते केव्हा कळणार, ह्याची वाटणी कर्ता करतो. ती वाटणी लेखणीने सुरू होते खरी, पण ठरते ती संकलकाच्या मेजावर.

ज्यांना हे नीट पाहावयाचे असेल त्यांनी फ्रिट्झ लांगचा १९३१ चा 'एम्' हा जर्मन बोलपट पाहावा. बर्लिनमधील एका चाळवजा इमारतीच्या अंगणात मुले फेर धरून एक खेळगाणे म्हणत आहेत. गाणे खुन्याविषयीचे आहे. धुण्याचे ओझे घेऊन चाललेली एक बाई त्यांना ते गाणे म्हणू नका म्हणून दटावते. वर एक आई मुलीच्या जेवणाची मांडामांड करते आणि घड्याळाकडे पाहते. दुपार झाली, शाळा सुटली. इकडे छोटी एल्सी रस्त्याने चेंडू आपटीत येते आणि तो एका जाहिरातीच्या खांबावर मारू लागते. त्या खांबावर खुनी पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणारा कागद लावलेला आहे. त्या कागदावर एका माणसाची सावली पडते आणि ती मुलीच्या चेंडूचे कौतुक करते. मग तो माणूस आंधळ्या विक्रेत्याकडून तिला फुगा घेऊन देतो. शीळ घालीत असतो. आई जिन्यातून हाका मारते. रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा रिकामा माळा, रिकामे ताट. झुडपाआडून चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. फुगा तारांत अडकून फडफडतो व उडून जातो.

येथे सुरी नाही, किंकाळी नाही, पळापळ नाही, चेहराही नाही. खून आम्ही पाहिलाच नाही. आम्ही पाहिले ते ताट, जिना, चेंडू आणि फुगा. ह्या निरपराध वस्तू एकामागून एक अशा क्रमाने ठेविल्या गेल्या की प्रेक्षकाच्या मनाने खून स्वतःच करून पाहिला. आईच्या आधी आम्हाला कळले, आणि तिची हाक अद्याप चालूच आहे. ह्या अंतरातच सारे भय आहे. ताट प्रथम दाखविले नसते तर रिकामे ताट हे केवळ ताट राहिले असते. हा प्रसंग चित्रित करण्यास जे लागले ते कोणत्याही शाळेच्या आवारात मिळेल : एक जिना, एक चेंडू, एक फुगा आणि हाक मारणारी एक बाई.

ह्याच संदर्भात ऑर्सन वेल्सच्या 'टच् ऑफ ईव्हिल' ह्या १९५८ च्या चित्रपटाची कथा विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मेक्सिको व अमेरिका ह्यांच्या सरहद्दीवरील गावात कोणी एक हात बाँबचे घड्याळ लावतो, तो एका मोटारीच्या मागील पेटीत ठेवितो, आणि मग सुमारे सव्वातीन मिनिटे चित्र कोठेही न तोडता कॅमेरा त्या मोटारीच्या आगेमागे गावातून हिंडतो. नवविवाहित जोडपे मोटारीजवळून चालत जाते, दूर होते, पुन्हा जवळ येते. हिचकॉकचे मेज येथे चाकांवर चढले आहे, असे म्हटले तरी चालेल. पण कंपनीने वेल्सच्या हातून चित्रपट काढून घेतला आणि ह्या दृश्यावर नामावलीची अक्षरे व हेन्री मॅन्सिनीचे ठेकेदार संगीत घातले. कंपनीने केलेले संकलन पाहून वेल्सने ५८ पानांचे एक टिपण लिहिले, त्यातील सूचना तेव्हा पुरत्या अमलात आल्या नाहीत. पुढे १९९८ साली वॉल्टर मर्च ह्या संकलकाने त्या टिपणाच्या आधारे चित्रपट पुन्हा जुळविला. त्याने आरंभीची अक्षरे काढली, ते संगीत काढले, आणि त्या जागी मोटारीतील रेडिओ, दारूच्या गुत्त्यांतून येणारे निरनिराळे सूर, रस्त्याचा गलबला एवढेच ठेविले. मोटार जवळ आली की तिच्या रेडिओचा सूर जवळ येतो, दूर गेली की विरतो. आणि आता तो सूर हीच बाँबची चाहूल होते. चित्र एकच, त्यातील एकही हालचाल बदललेली नाही. एका आरंभात प्रेक्षक नावे वाचतो आणि ताल धरतो, दुसऱ्यात तो मोटारीला कान लावून बसतो. अखंड घुमणाऱ्या खर्ज स्वराने आपल्या दोन मिनिटांचा गळा दाबणाऱ्या मुलांनी ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून एकदा ऐकावीत. संगीत भय वाढविते हे अर्धसत्य आहे. पुष्कळदा ते प्रेक्षकाला, तू भिण्याची तसदी घेऊ नकोस, ते काम आम्ही करतो, असेच सांगत असते.

विद्यार्थ्यांच्या कामावर सर्वांत अधिक छाप ज्या आरंभाची दिसते तो मात्र डेव्हिड फिंचरच्या 'सेव्हन्' ह्या १९९५ च्या चित्रपटातील नामावलीचा. काइल कूपरने तयार केलेल्या त्या नामावलीत थरथरणारी, ओरखडल्यासारखी अक्षरे येतात. कोणाचे तरी हात वह्या शिवतात, छायाचित्रे कापतात, पात्याने बोटांच्या टोकांची कातडी सोलतात. ह्याचे अनुकरण करणे सोपे आहे, म्हणून ते पुष्कळांनी केले आहे : थरथरती अक्षरे, फाडलेली छायाचित्रे, भिंतीवर टाचलेली कात्रणे. परंतु मूळ नामावलीत ते हात काही काम करीत असतात. बोटांचे ठसे मागे राहू नयेत म्हणून ती कातडी सोलली जाते, आणि तो माणूस कोण हे पुढे कथेने सांगितले की आरंभीच्या प्रत्येक तुकड्याला अर्थ येतो. अनुकरणात हात नुसते भयंकर दिसण्यासाठी भयंकर वस्तू हाताळतात. अलंकार उचलला आणि ज्या अर्थासाठी तो होता तो अर्थ मागेच राहिला, ही चूक आपल्या कवितेतही नवीन नाही.

मग ह्या मुलांनी काय करावे? उत्तर त्यांच्याच पूर्वाभ्यासात पडलेले आहे. समजा, एक मुलगी दार उघडते, खोली ओलांडते आणि खुर्चीवर बसते. हा प्रसंग तीन प्रकारांनी जोडून पाहावा. पहिल्यात ती बसते, आणि पडद्याआडून एक माणूस झडप घालतो, हा धक्का. दुसऱ्यात आधी पडद्याआडचा जोडा दिसतो, मग दाराची मूठ फिरते, ही उत्कंठा. तिसऱ्यात माणूसच नाही. मुलगी दाराचे कुलूप स्वतः काढते, म्हणजे घरात कोणी नाही. आत येते, दिवा लावते, बसते. मेजावर चहाचा पेला आहे आणि त्यातून वाफ निघते आहे. ती पेल्याकडे पाहते. येथे तोडावे. वाफेचे चित्र एक सेकंद ठेविले तर पाहणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही. पाच सेकंद ठेविले तर कर्ता आमच्या डोळ्यांत बोट घालतो आहे असे वाटेल. कोठेतरी मध्ये ती जागा आहे, आणि ती शोधण्यात एक संपूर्ण संध्याकाळ जाईल. ती संध्याकाळ हेच ह्या विषयाचे शिक्षण होय.

तोडण्या-जोडण्यातून अर्थ निर्माण होतो हा शोध मुळी विद्यार्थ्यांच्याच संगतीत लागलेला आहे. मॉस्कोमध्ये १९१९ साली निघालेल्या सरकारी चित्रपटशाळेत लेव्ह कुलेशॉव्ह शिकवीत असे. कोऱ्या फिल्मचा दुष्काळ होता. म्हणून त्याची शिष्यमंडळी फिल्मवाचून 'चित्रपट' करीत, म्हणजे तुकडे कसे जुळतील ह्याचा विचार करून ते प्रसंग रंगमंचावर वठवीत. त्याचा शिष्य पुडोव्हकिन ह्याने दिलेल्या हकिकतीप्रमाणे, मोझुखिन ह्या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी तीन वेळा वापरला : एकदा सूपाच्या थाळीशी, एकदा शवपेटीतील स्त्रीशी, एकदा खेळणाऱ्या मुलीशी जोडून, आणि पाहणाऱ्यांनी त्याच्या निरनिराळ्या भावांच्या अभिनयाची वाहवा केली. नटाने काहीच केले नव्हते. फिल्म नसलेल्या त्या शाळेपेक्षा आजच्या मुलाजवळ साधने किती तरी अधिक आहेत. आणि म्हणूनच कदाचित त्याला विचाराची गरज कमी भासते. दोन मिनिटे म्हणजे ३,००० स्थिरचित्रे. त्यांतील प्रत्येक का ठेविले ह्याचे उत्तर देता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

आता परीक्षेविषयी एक स्पष्ट बोलले पाहिजे. १०० गुणांपैकी संशोधन व पूर्वतयारीस २०, प्रत्यक्ष कृतीस ६० आणि शेवटच्या परीक्षणास २० अशी वाटणी होती. परीक्षणासाठी सात ठरीव प्रश्न असत, आणि त्यांतील पहिलाच प्रश्न असा की, खऱ्या चित्रपटांचे संकेत तुम्ही कसे वापरले, विकसित केले अथवा झुगारले? प्रश्न वाईट नाही. परंतु ज्याला सतराव्या वर्षी गुण मिळवावयाचे आहेत तो झुगारण्याच्या भरीस सहसा पडत नाही. तो संकेतांची यादी करतो आणि यादीबरहुकूम चित्रपट बनवितो. रान, टोपडे, सुरी, खर्ज स्वर ही सारी त्या यादीची अपत्ये आहेत. मग परीक्षणात तो लिहितो की, आम्ही अंधार वापरला, कारण थरारपटात अंधार असतो. हे उत्तर निर्दोष आहे आणि त्यात विचार कोठेही नाही.

त्याच सातांतील दुसरा प्रश्न, तुमची कृती विशिष्ट समाजगटांचे चित्रण कसे करते, हा आमच्या मते खरोखरीच्या महत्त्वाचा आहे, आणि तो सर्वांत उथळपणे सोडविला जातो. भय उत्पन्न करावयाचे म्हणजे कोणाला तरी भयाचा विषय करावे लागते. ब्रिटनमध्ये टोपडे घातलेला गरीब वस्तीतील तरुण हा कित्येक वर्षे वृत्तपत्रांनी बागुलबुवा करून ठेविला होता. मुलांनी तोच उचलला. मौज अशी की, चित्रण करणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या अंगातही तसेच टोपडे असते. रानात पळावयास नेहमी मुलगीच का, आणि पाठलाग करणारा अमुकच पेहरावातला का, हे त्यांनी स्वतःला विचारलेले नसते. संकेताने ते आधीच ठरवून टाकलेले असते. आपल्याकडील रहस्यकथांनी व बोलपटांनी कोणाकोणाच्या कपाळी खलनायकाचा शिक्का मारून ठेविला आहे, हे ज्याला आठवते त्याने ह्या परदेशी मुलांस हसू नये. संशय कोणाचा यावा हे आपल्याला आरंभीची दोन मिनिटे शिकवितात, आणि तो धडा चित्रपटगृहाबाहेर रस्त्यातही आपल्याबरोबर येतो. म्हणून संकलनाच्या मेजावर बसलेल्या मुलाच्या हाती केवळ कात्री नसते. कोणाच्या चेहऱ्यानंतर सुरी दाखवावयाची हे ठरविण्याचा अधिकार असतो. कुलेशॉव्हचा प्रयोग उलट बाजूने वाचला तर तो हेच सांगतो : निर्विकार चेहऱ्यापुढे शवपेटी ठेवून जर त्याला शोकाकुल करता येते, तर सुरी ठेवून त्याला खुनीही करता येते.

कित्येक सुज्ञ पालक ह्यावर म्हणतील की, असे असेल तर मुलांस भयाचा विषयच का द्यावा. निसर्ग, मैत्री, प्रवास असे सात्त्विक विषय थोडे का आहेत? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. पण आमचे मत त्याच्या विरुद्ध आहे. सात्त्विक विषयात ढिलाई खपते. सूर्यास्ताचे चित्र चार सेकंद अधिक राहिले तरी कोणी तक्रार करीत नाही. भयाचा विषय मात्र हिशेब चोख मागतो : तुकडा लांबला की भय विरते, आखूड झाला की ते जन्मतच नाही, आणि फसलेल्या भयावर प्रेक्षक चक्क हसतात. वर्गातील मित्रांचे ते हसणे कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक शिकविते. शिवाय, ज्याने स्वतः भय रचून पाहिले तो दुसऱ्याने रचलेल्या भयाला सहजासहजी बळी पडत नाही. वृत्तांच्या नावाखाली घरात येणारी चित्रे कोठे तोडली आहेत, त्यांखाली कोणता खर्ज स्वर घातला आहे, हे त्याला ऐकू येऊ लागते. आजच्या काळात ह्याहून उपयुक्त असे साक्षरतेचे फळ आम्हास तरी दिसत नाही.

एकंदरीत ह्या प्रयोगाविषयी आमचा अभिप्राय असा आहे. कल्पना उत्तम होती. पूर्वाभ्यास तर नमुनेदार होता. मुख्य कामाने मात्र पूर्वाभ्यासाशी असलेले नाते तोडले, आणि गुणांच्या पद्धतीने अनुकरणास उत्तेजन दिले. सातव्या प्रश्नात, पूर्वाभ्यासाकडे मागे वळून पाहता तुम्ही काय शिकलात, असे विचारले होते; तो प्रश्न शेवटी न विचारता आरंभी विचारला असता तर फळ निराळे आले असते. जे शिक्षक किंवा पालक आपल्या मुलांकडून असे काही करवू इच्छितात, त्यांना आम्ही एवढेच सुचवू : पहिल्या चित्रफितीत शस्त्र नको, रक्त नको, संगीत नको आणि पळणेही नको. एक दार, एक खोली, एक खुर्ची आणि एक अशी वस्तू की जी तेथे असावयास नको होती. एवढ्यावर जो दोन मिनिटे प्रेक्षकाचा श्वास धरून ठेवील, त्याच्या हाती पुढे सुरी द्यावयास हरकत नाही. बहुधा त्याला ती लागणार नाही.